झाकलेल्या बाटलीत काय द्यायचं?

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक विचारतो. समजा तुमचं नाव झाकलं, घराणं झाकलं, कोण कुणाचा हे कळायची सोयच ठेवली नाही, तर द्यायला तुमच्याजवळ काय उरतं? सांगा की! का हो, गप्प झालात?

मग ऐका. गोष्ट दिंडोरीकडची. आणि गोष्ट आहे, दचकू नका, द्राक्षांच्या वाइनची! बघा, बघा! मागची मंडळी कशी सरसावून बसली! अहो, मी प्यायला सांगत नाही, ऐकायला सांगतोय!

इंदुमती बोरस्ते म्हणून एक बाई होती. टेकडीच्या उतारावर द्राक्षांचा मळा, मळ्याखाली दगडी तळघर, तळघरात वाइनची लाकडी पिंपं. हे सगळं उभं केलं तिच्या नवऱ्यानं, रामकृष्णानं. लांबलांबचे लोक त्याची वाइन मागायचे. तो गेला. मग इंदुमती करू लागली, पण लोक म्हणायचे, “आता ती मजा नाही!” चाखून नाही हं, न चाखताच!

अशात वाइनच्या स्पर्धेसाठी नाशकाला आले होरमसजी दुभाष. मुंबईचे पारशी गृहस्थ, वाइनचे नामांकित पारखी. त्यांनी लिहिलं की माल उठला, नाक मुरडलं की बसला! त्यांची अट एकच. प्रत्येकानं एक वाइन आणायची, बाटलीला कापडाची पिशवी घालायची, वर नाव नाही, गाव नाही.

इंदुमतीचा दीर भास्कर म्हणाला, “वहिनी, या वेळी जमलं नाही तर वेली उपटू. टोमॅटो लावू.” आणि त्यानं पिशवीतून काढली एक परदेशी बाटली! “ही आपल्या बाटलीत भरून देऊ. झाकलेलंच तर आहे. कोणाला कळतंय?”

“मला कळतंय ना, भाऊजी,” ती म्हणाली. एवढंच! ती बाटली परत भास्करच्या पिशवीत गेली.

पण मंडळी, मोह एका वाटेनं येतो का? ती दुपारी तळघरात उतरली. वर ऊन भाजत होतं, खाली माठाजवळ असतो तसा गारवा. फळीवर रामकृष्णाच्या हातची शेवटची बाटली होती. तिनं ती मांडीवर घेतली, पिंपाला टेकली… आणि कधी डोळा लागला, तिचं तिला कळलं नाही.

स्वप्नात मळा होता. ऊन होतं, पण ते भाजत नव्हतं. वेलींच्या ओळी टेकडी ओलांडून ढगांत गेलेल्या, आणि त्या ओळींतून रामकृष्ण येत होता. पांढरी टोपी, हातात घड. एकेक मणी तोंडात टाकतोय, पुढे येतोय, आणि तरी अंतर काही सरत नाही!

तिनं हाक मारली, “अहो, कुठली देऊ? तुमची देऊ ना?”

तो हसला. “इंदू, मला काय विचारतेस? मी तर गेलो. माझ्या तोंडाची चव गेली. तुझी आहे अजून.”

आणि घड तिच्या ओंजळीत ठेवून तो तसाच ओळींत विरघळत गेला… पानं हलली, थांबली.

ती जागी झाली. गालावर ओल होती. तिनं त्याची बाटली उघडली, घोट घेतला. अहाहा! तोच माणूस, तीच भरदार चव! मग आपल्या पिंपातली चाखली. हलकी, किंचित आंबट, पावसानंतरच्या पेरूच्या वासाची. मग तिनं विचार केला. होरमसजी रामकृष्णाच्या वाइनला वाहवा म्हणतील, पण ‘पुन्हा अशी करा’ म्हणाले तर? करणार कोण? तिनं त्याचा पेला हळूहळू एकटीनं संपवला. आणि पिशवी घातली ती आपल्या बाटलीला!

चाखणीच्या दिवशी मोठा दिवाणखाना, पांढऱ्या चादरी. आता हे पारखी लोक वाइन पीत नाहीत बरं! तोंडात घोळवतात आणि थुंकतात! होरमसजींनी एक घोळवली, थुंकली. दुसरी, थुंकली. भास्करच्या कपाळाला घाम! इंदुमतीची आली. घोळवली. म्हातारा थांबला. डोळे मिटले. खिडकीतून ऊन त्याच्या पांढऱ्या भुवयांवर आलेलं… आणि त्यानं तो घोट गिळला!

पहिला नंबर दुसऱ्याच कुणाला मिळाला, मंडळी. तिच्याबद्दल होरमसजी एवढंच म्हणाले, “कच्ची आहे. पण नक्कल नाही. पुढच्या वर्षी मी हिच्यासाठी येणार.”

परतताना मळा दिसला तशी भास्करनं जीप थांबवली. वेलींकडे बघितलं. मग म्हणाला, “वहिनी, छाटणीला माणसं कधी सांगू?”

आता तुमच्याकडे वळतो! देवापुढं बसता, तेव्हा तुम्ही काय देता? भाड्यानं आणलेली पूजा? की ‘आमच्या आजोबांची भक्ती फार मोठी’ म्हणून त्यांची पुण्याई? अरे, त्यांनी त्यांचं दिलं! तुझं कुठंय? असेल आंबट, असेल कच्चं, तेच दे! तो चाखतो, बाबा. थुंकत नाही!

चला, आज गजर नको. मृदंग थांबव रे. जरा डोळे मिटा, आणि आपल्याजवळ खरंच काय आहे, ते ज्यानं त्यानं मुकाट्यानं पुढं ठेवा.