सीटमागची बंदूक

ड्यूई : गाडीखाली? तुझ्या स्वतःच्या गाडीखाली?

हार्लन : दुसऱ्याच्या गाडीखाली गेली असती तर त्याला दोन शिव्या तरी घातल्या असत्या.

मॅरिट : फाटक उघडायला उतरले, रायफल मागच्या चाकाला टेकवली, फाटक उघडलं, परत येऊन बसले आणि गाडी सरळ करायला घेतली मागे. आजोबांची रायफल हो, ड्यूईकाका. आता नळी अशी वाकलीय की कोपऱ्याआडचा ससा मारता येईल.

ड्यूई : लाजू नकोस लेका. आपल्या जिल्ह्यात वर्षाला एखादी तरी चाकाखाली जातेच. माझ्या मेव्हण्याने दोन घालवल्या. त्याही एकाच फाटकापाशी.

(माँटानातलं आडगाव. ड्यूईचं दुकान अर्धं बंदुकांचं, अर्धं गुरांच्या औषधांचं, आणि सगळंच्या सगळं गप्पांचं. हा माणूस गिऱ्हाइकाची कुंडली मांडल्याशिवाय साधं काडतूसही विकत नाही. हार्लन त्वेइत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुरं राखण्यात जन्म गेलेला. मॅरिट त्यांची एकुलती एक लेक, शहरातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी परत आलेली. सकाळचे दहा वाजलेत आणि बापलेकीचं वाटेतच एकदा वाजून झालंय.)

ड्यूई : बरं, आता कशासाठी हवी ते सांग.

हार्लन : गाडीत ठेवायला.

ड्यूई : ते कळलं रे. अडीनडीला. पण कसली अडीनडी?

हार्लन : ती सांगून येत असती तर बंदूक घरीच ठेवली असती.

मॅरिट : मी सांगते. पंपाच्या खोलीत साप निघतो. वासरं जन्मतात तेव्हा कोल्हे घिरट्या घालतात. आणि मागच्या आठवड्यात मोठ्या वळणावर कुणीतरी हरणाला उडवून गेलं. कंबर मोडलेली, डोळे टक्क उघडे. माझ्याजवळ काहीच नव्हतं. शेजारच्या अग्नेसबाई रायफल घेऊन येईस्तोवर पाऊण तास मी त्याच्याशेजारी बसून होते. परत मला तसं बसायचं नाही.

ड्यूई : नको गं पोरी. तसं कुणालाच बसायला लागू नये. बघ हार्लन, गाडीतल्या बंदुकीचं माझं गणित सोपं आहे. आखूड हवी, सीटमागे मावायला. धुळीला, कुत्र्याच्या केसांना आणि सांडलेल्या कॉफीला न कंटाळणारी हवी. आणि ओरखडा उठला तर रडू येणार नाही इतपतच देखणी हवी.

मॅरिट : म्हणजे घरातल्या बाईसारखी.

ड्यूई : हे तू म्हणालीस. माझी बायको मागच्या खोलीत आहे, मी काही बोललो नाही. ही घे हार्लन, बोल्टवाली. दर गोळीला हा बाजूचा दांडा मागेपुढे केला की झालं. साधी, सरळ, पाण्यात पडली तरी चालेल.

हार्लन : नको.

ड्यूई : हातात तरी धर.

हार्लन : बोल्ट नको. लिव्हरवाली दाखव.

ड्यूई : मग ही काळी? हलकी आहे, आजकालची पोरं हीच नेतात.

हार्लन : बंदूक आहे की कॉफीचं यंत्र? लिव्हरवाली म्हणालो ना.

ड्यूई : पिस्तूल?

हार्लन : तेवढ्याशा पिस्तुलाने कोल्ह्याला मारायचं म्हणजे आधी त्याला हाक मारून जवळ बोलवावं लागेल.

मॅरिट : बघितलंत? आजोबांची लिव्हरवाली होती म्हणून हीही लिव्हरवालीच. आमच्याकडे टूथब्रशसुद्धा आजोबांच्याच रंगाचा लागतो.

ड्यूई : असू दे, असू दे. ही घे लिव्हरवाली. जवळजवळ नवीन. एका दंतवैद्याने घेतली होती, शिकारीला गेला आणि पाय मुरगळून घरी आला.

हार्लन : दस्ता लांब आहे.

ड्यूई : तुला? तुझे हात बघ केवढे. तुला तर आणखी इंचभर लागेल.

हार्लन : आखूड दाखव. तेरा इंचाच्या आतला.

ड्यूई : अरे, खांद्याला लावलीस तर अंगठा नाकात जाईल.

हार्लन : सीटमागे जागा कमी आहे. तुला विकायची आहे की नाही?

ड्यूई : विकतो बाबा, विकतो. ही आहे आखूड. एका बाईने परत आणलेली. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाला कुठे अक्कल असते. घे, बंदूक घ्यायचा सरकारी फॉर्म भर.

मॅरिट : बाबा, द्या इकडे. मी वाचून दाखवते.

हार्लन : चाळीस वर्षं भरतोय हा फॉर्म. पहिल्याला हो, बाकी सगळ्यांना नाही. त्यात वाचायचंय काय? पेन दे, ड्यूई. आणि तुम्ही दोघं डोक्यावर उभे राहू नका, मला घाम फुटतो.

ड्यूई : ये मॅरिट, इकडे ये. कॉफी घे. शिळी आहे पण कडक आहे… काय गं, इतकी का चिडलीस?

मॅरिट : बंदुकीवरून नाही चिडले. काका, खरा प्रश्न बंदुकीचा नाहीच. स्टिअरिंगवर कोण बसणार, हा आहे. येताना पंचेचाळीस मैल मी उजवा पाय दाबून बसले होते, जिथे ब्रेकच नाही तिथे. अग्नेसबाईंची टपालपेटी आडवी केली त्यांनी. म्हणतात, तीच पुढे आली.

ड्यूई : चावी माग ना सरळ.

मॅरिट : दोन वर्षं मागतेय. म्हणतात, तुझं वय काय. बेचाळीस, बाबा. म्हणतात, मग थांब थोडी. मला भीती वाटते हो. कुणाला तरी लागेल. नाहीतर स्वतःच कुठल्या ओढ्यात जातील आणि मला संध्याकाळी सापडतील.

ड्यूई : डोळे कसे आहेत त्याचे?

मॅरिट : त्यांना विचारा. घारीसारखे म्हणतील.

हार्लन : कान घारीसारखे आहेत. सगळं ऐकू येतंय. हा घे तुझा फॉर्म.

ड्यूई : आण. नाव… पत्ता… सही जरा ओळीखाली घसरलीय, चालेल. आता बघू… अरे देवा.

मॅरिट : काय झालं?

ड्यूई : हार्लन, आपली ओळख किती वर्षांची?

हार्लन : शाळेपासूनची. का?

ड्यूई : नाही, मला आज बरंच नवीन कळतंय. तू कायद्यापासून फरार आहेस.

हार्लन : काय?

ड्यूई : इथे लिहिलंयस. फरार आहात का? हो. अमली पदार्थांचं व्यसन आहे का? हो. लष्करातून बेअब्रू होऊन काढलंय का? हो. देशाचं नागरिकत्व सोडलंय का? तेही हो. कधी सोडलंस रे? रविवारी तर तू चर्चमध्ये माझ्यासमोर घोरत होतास.

मॅरिट : बाबा, हे काय केलंत?

ड्यूई : सगळ्या खुणा शेजारच्या रकान्यात. हे पाठवलं तर पोलीस येतील आणि मला म्हणतील, ड्यूई, इतका मोठा गुन्हेगार तू इतकी वर्षं कॉफी पाजून पोसलास?

मॅरिट : काका, थांबा जरा. बाबा… तुम्हाला दिसत नाहीये.

हार्लन : दिसतं.

मॅरिट : मग हा कॅलेंडरवरचा महिना वाचा.

हार्लन : महिना मला माहीत आहे. त्यासाठी कॅलेंडर कशाला लागतं?

मॅरिट : बाबा.

हार्लन : कडेकडेचं दिसतं. मधलं जातं. मधोमध एक डाग आहे, शेणाची गोवरी चिकटवल्यासारखा. ड्यूईकडे बघितलं की दोन कान दिसतात, मधे काही नाही.

ड्यूई : म्हणजे चांगलं तेवढंच दिसतं.

मॅरिट : कधीपासून?

हार्लन : गेल्या हिवाळ्यापासून. डॉक्टर म्हणाला, बरं होणारं नाही.

मॅरिट : आणि मला सांगितलं नाहीत. मग माझंही तोंड दिसत नाही तुम्हाला?

हार्लन : हसलीस की आवाजावरून कळतं. हल्ली कमी हसतेस.

मॅरिट : तुमच्या शेजारी बसून कोण हसेल?

हार्लन : रायफल चाकाला टेकवलेली मला आठवत होती, मॅरिट. विसरलो नव्हतो. बघितलं, दिसली नाही, वाटलं आधीच आत ठेवली. आणि तिच्या शेजारी कुत्रं बसलं होतं. तेही दिसलं नाही. ते किंचाळत बाजूला झालं म्हणून वाचलं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मनात सारखं येत होतं, फाटक उघडायला तू उतरली असतीस तर.



ड्यूई : मी आत जाऊन येऊ का?

हार्लन : तू कुठे जातोस, बस. माझा फॉर्म अर्धवट आहे.

ड्यूई : अर्धवट कसला, पूर्ण चुकलाय. दुसरा देतो. पहिल्याच प्रश्नापासून गोंधळ आहे. ही बंदूक तुम्ही स्वतःसाठी घेताय का? त्यालाच नाही म्हणून ठेवलंयस.

हार्लन : ते बरोबर आहे.

ड्यूई : बाकी सगळं चुकलं आणि तेवढंच बरोबर?

हार्लन : बाकीच्यांचं मला सांगता येत नाही. पहिलं मी डोळे मिटूनही चुकलो नसतो. माझ्यासाठी नाहीये ती.

ड्यूई : मग तुला विकताच येणार नाही मला. जिच्यासाठी आहे तिनेच भरला पाहिजे… थांब, थांब. तेरा इंचाच्या आतला दस्ता. मॅरिट, ये गं. कोपर वाकव. बोट इथे. कोपरापासून बोटापर्यंत पावणेतेरा इंच, दस्ता हिच्याच मापाचा. लबाड म्हातारा. आणि बोल्ट नको, बोल्ट नको हे काय होतं?

हार्लन : डावरी आहे ती. बोल्ट उजवीकडे असतो, तिला प्रत्येक गोळीला हात ओलांडून न्यावा लागेल. लिव्हरची कडी चापाखाली मधोमध, तिला डावं-उजवं नसतं. इतकं तुझ्या दुकानाला कळायला हवं होतं.

मॅरिट : तुम्ही तर म्हणायचात, डावरं-बिवरं काही नसतं, सवय असते.

हार्लन : म्हणायचो. तू सात वर्षांची होतीस.

मॅरिट : मग सकाळी मी चावी मागितली तेव्हा का नाही दिलीत? अख्ख्या वाटेवर भांडलात माझ्याशी.

हार्लन : बंदुकीशिवाय गाडी द्यायची नसते. माझ्या बापाने मला दोन्ही एकदम दिलं होतं. आणि खरं सांगू, एकदा शेवटची चालवायची होती.

मॅरिट : टपालपेटी पाडलीत त्याच खुशीत?

हार्लन : ती पुढे आली होती.

ड्यूई : हे बघा, रडायचं असेल तर दोघंही औषधांच्या बाजूला जा. इथे काडतुसं आहेत, ओल चालत नाही. मॅरिट, हा फॉर्म. सावकाश वाच, तुझ्या बापावर जाऊ नकोस. मग मी पडताळणीसाठी सरकारी कचेरीत फोन लावतो, दहा मिनिटांत हो-नाही कळतं. आणि सीटमागे कुलपाची पेटी बसवून घे. चाकाला टेकवायची नाही, कितीही घाई असली तरी.

मॅरिट : नाही टेकवणार. पहिल्याला हो… बाकी सगळ्यांना नाही. काका, मी फरार नाही ना?

ड्यूई : होतीस. दोन वर्षांपूर्वी परत आलीस.

हार्लन : ही चावी. दुसरा गिअर जरा अडतो. क्लच दोनदा दाबायचा.

मॅरिट : माहीत आहे, बाबा. मी ती गाडी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते, बाजूच्या सीटवरून.

हार्लन : मी जाऊन बसतो. तुमचं चालू द्या.

ड्यूई : अरे, तो डावीकडे वळला बघ, स्टिअरिंगच्या बाजूला.

मॅरिट : बाबा, उजवीकडून. आता तुम्ही त्या बाजूला. आणि फाटकं तुम्ही उघडायची. जो उजवीकडे बसतो तो उतरतो, नियम तुमचाच आहे.

हार्लन : ते कबूल. पण हे दार उघडत नाहीये.

मॅरिट : ते असंच आहे. जरा वर उचलायचं, मग ओढायचं.

हार्लन : हे कधी बिघडलं?

मॅरिट : मी सातवीत होते तेव्हा.

हार्लन : मला सांगायचंस ना.

मॅरिट : सांगायचे, बाबा. रोज.