कोंबड्याच्या पेट्याबाबत

मी, दीना कागेहा केवेरेंगे, वय ४४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार मुलुंदू टेकडी, जिल्हा व्हिहिगा, केनिया, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती जाफेथ यांच्यासह राहते. ते शाळेत शिक्षक आहेत. कुंपणापलीकडे बेरिटा मिनायो ही विधवा बाई राहते. मी तिच्या घरात शिरून तिचे मातीचे भांडे फोडले, अशी तिची तक्रार आहे. भांडे मी फोडले. का, ते सांगते.

शनिवारी नवे मुख्याध्यापक सपत्नीक आमच्याकडे जेवायला येणार होते. सोफ्यांवरची क्रोशाची आच्छादने मी धुऊन इस्त्री केली. कोंबडा घरचाच, माझ्या हाताने वाढवलेला. मदतीला बेरिटाला बोलवावे हे माझ्या पतींनी सुचवले. तिच्या उगालीत, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीत, एक गुठळी सापडायची नाही, असे ते म्हणाले. त्यांना ते कसे माहीत, हे मी तेव्हा विचारले नाही.

ती पाच वाजता आली. अंगात पिवळा झगा होता. तो मीच शिवलेला. कंबरेत आवळून दे म्हणाली होती, तसा दिला होता. सात वाजता पाहुणे आले. हात धुवायला पाणी तिनेच घातले. मुख्याध्यापकांच्या हातावर जेमतेम, माझ्या पतींच्या हातावर जग रिकामा होईपर्यंत.

हवालदारसाहेब किनाऱ्याकडचे असल्याने पेट्याचे एवढे काय, असे त्यांनी विचारले, म्हणून सांगते. आमच्यात कोंबड्याचा पेटा, म्हणजे पोटातली दाणे दळणारी मांसल पिशवी, घरच्या कर्त्याचा. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला तंगडी. पेटा बायकोने नवऱ्याच्या ताटात वाढायचा. तो दुसरीने वाढला तर काय समजायचे, ते शेंबडे पोरही सांगेल.

मी पातेल्यात पळी फिरवली. तंगड्या होत्या, मान होती, पंख होते. पेटा नव्हता. तळापासून दोनदा पाहिले. मग तसेच वाढले. एकदा ईस्टरला पेटा चुकून आमच्या लेकीच्या, केझियाच्या ताटात गेला, तर माझे पती भरल्या ताटावरून उठले होते. शनिवारी त्यांनी ताटाकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. "कालवण झकास झालंय हं," म्हणाले आणि जेवू लागले. पेटा आधीच पोटात गेल्याशिवाय हा माणूस असे बोलायचा नाही. माझा तिथल्या तिथे जळफळाट झाला. मी हसून मुख्याध्यापकांच्या बाईंना आणखी भाजी वाढली.

रविवारी सकाळी मी बेरिटाकडे गेले. ती चुलीपाशी होती. आमचे बोलणे असे झाले.

"पेटा कुठं गेला गं?"

"अगं बाई! एवढ्यासाठी चर्चला जायचं सोडून आलीस होय? पातेल्यात वर आला होता, म्हणून काढून दिला."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? ज्याचा त्याला. मागच्या दारी आला होता. चुलीवरनं काढला की तो नेहमी उभ्याउभ्याच खातो गं."

चारचौघांत ती त्यांना "सर" म्हणते. आणि माझ्या घरी त्यांनी पेटा कधी उभ्याने खाल्लेला नाही, बसून, हात धुऊन खातात. मी तिला एवढेच विचारले, "नेहमी म्हणजे कधी?" ती झाकणाशी चाळा करत राहिली. भांडे त्यानंतर फुटले. तिच्या अंगाला मी हात लावलेला नाही.

आज माझ्या पतींना इथे बोलावण्यात आले. मी हवालदारसाहेबांसमोर त्यांना विचारले, "केझियाचे बाबा, पेटा खाल्लात ना?" ते भिंतीकडे बघून म्हणाले, "तूच पाठवलास असं वाटलं मला." मी तेव्हा त्यांच्यापासून सात पावलांवर, बैठकीत ताटे मांडत होते.

फुटले त्याच्या बदल्यात मी बेरिटाला नवे भांडे देईन. माफी मागणार नाही. तुमची उलट तक्रार आहे का, काय गेले ते सांगा, असे मला विचारण्यात आले. काय गेले ते कागदावर कसे लिहायचे हे मला कळत नाही, म्हणून तक्रार देत नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे व खरा आहे. तो खोटा ठरला तर मला आनंदच होईल, हेही लिहून घ्यावे.

सही : दीना कागेहा केवेरेंगे