रडणारं पोर आधी

(१९७३चा उन्हाळा. तालुक्याचा सरकारी दवाखाना. दुष्काळी कामावरच्या पोरांना हगवण-उलट्यांनी घेरलंय. डॉक्टर, नर्स मार्थाबाई आणि काष्टीकडची राहीबाई.)

राहीबाई : त्या बाप्याला बाटली लावली, मंग माज्या गोरक्षाला का न्हाई, डाक्टर?

डॉक्टर : त्याची शीर मोठी आहे, बाई. ही सुई त्याला चालते. तुमच्या पोराचा हात केवढासा, बघा.

राहीबाई : मंग बारकी घाला.

मार्थाबाई : बारक्या होत्या तेवढ्या बोथट झाल्या, बाई. पायाला टोचून बघितलं, डोक्याला बघितलं. शीर हाताला लागत नाही.

राहीबाई : येवढा दवाखाना आन् लेकराजोगी सुई न्हाई?

डॉक्टर : तलावाचं काम निघालं तेव्हा सगळी तयारी केली. सुरुंग लागला तर, दरड पडली तर... खाटा मागवल्या, बँडेज मागवलं. कामावर पोरं येतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

राहीबाई : मंग पोरं ठिवायची कुटं? घरी कोन हाय? माजी सासू बी खडीच फोडतीया.

डॉक्टर : ते साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजत राहा.

राहीबाई : पाजतीया. व्हटावरनं खाली गळतंय. अंगावर बी वढंना.

मार्थाबाई : डॉक्टर, जीप आली! नगरला एकेका खाटेवर तीन-तीन पोरं आहेत म्हणे, तरी ड्रायव्हर नेतो म्हणतोय. मागं दाटीवाटीनं चार बसतील. कोणती घालू?

डॉक्टर : जी रडतायत ती.

मार्थाबाई : आणि हा?

डॉक्टर : सिस्टर, वाटेत हिसके किती बसतात... रडणारी पोरं तरी पोचतील. घाला लवकर.

राहीबाई : आवो, माजा रडत न्हाई म्हून का? त्यो पयल्यापास्नं गुनाचा हाय, डाक्टर! कदी रडतच न्हाई!

डॉक्टर : बाई, मला आत अजून पोरं बघायचीत. सोडा, पाय सोडा माझे.

राहीबाई : थांबा, चिमटा काडते. रडंल त्यो. रड रं माज्या राजा. येकडाव रड की.

मार्थाबाई : चौघं घातली जीपमध्ये. अहो, नका, बाई. नका करू असं. आणा, माझ्या मांडीवर द्या.

राहीबाई : बाई... आयका. रडला. बारीक रडला बगा! हाळी द्या की त्यास्नी, माजा बी रडला म्हनावं!

मार्थाबाई : ओ ड्रायव्हर! ओ दादा, थांबा!

राहीबाई : थांबली का?

मार्थाबाई : नुसता धुळीचा फुफाटा दिसतोय, बाई.