राग कमी करा म्हणे!

राग कमी करा म्हणे! अहो, सांगता कुणाला? मी ग्रंथपाल, दिवसभर 'शू...' करत बसणारी बाई. आता घरी आल्यावर थोडी कसर भरून काढते, नाही असं नाही, पण म्हणून बीपी एकशे नव्वद? आमचे डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळायचे, फुसफुस फुगवायचे आणि मान हलवायचे, 'बाई, स्वभाव बदला!' मीठ बंद, चहा अर्धा, वर नणंद आहेच, 'वहिनी, श्वास मोजा.' मोजले! डोकं ठणकायचं ते ठणकायचंच, जिना चढताना पोटऱ्या भरून यायच्या, पाय बारा महिने बर्फ. पण त्या पायाला हात लावला कुणी? नाव नको!

मग एकदा डॉक्टर गेले रजेवर, आणि खुर्चीत नवी डॉक्टरीणबाई. ती म्हणाली, 'झोपा', आणि पट्टा चक्क मांडीला! दंडात एकशे नव्वद, मांडीत शंभर. मी म्हटलं, 'म्हणजे राग कमरेपर्यंतच आलाय का?' हसली नाही हो ती. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीतच आवळलेली, म्हणून वर रक्ताचा जोर आणि खाली पायांना तुटवडा, म्हणे, जन्मापासून! जन्मापासून! म्हणजे पाळण्यातच मी थयथयाट करत होते का? आणि आमचे डॉक्टर परत आल्यावर काय म्हणाले? 'असं क्वचित असतं.' क्वचित! अहो, पाय काय घरी ठेवून यायचे मी? त्यांच्यावरच चालत यायचे! पण हात लावला? नाव नको!

सर्जन म्हणाले, डाव्या बरगड्यांमधून शिरायचं, आवळलेला तुकडा कापायचा, तिथे कृत्रिम नळी शिवायची. 'आणि नाही केलं तर?' 'तर एखाद्या दिवशी ती वाहिनी फुटेल, नाहीतर मेंदूत...' मी घाबरले. खरंच घाबरले मी. स्ट्रेचरवर आमच्या यांचा हात धरला तो सोडवेना. नर्सनं एकेक बोट सोडवलं.

पण वाचले! डोळे उघडले तर सर्जन माझ्या पायाची नाडी धरून उभे, आणि पाय... गरम! ढसाढसा रडले हो.

परवा सर्जनकडे शेवटची तपासणी. बीपी जागेवर! मी मुद्दाम यांच्यासमोर विचारलं, 'डॉक्टर, स्पष्ट सांगा, या सगळ्याचा माझ्या रागाशी काही संबंध?' 'काडीचाही नाही.' वा! वळले यांच्याकडे, 'ऐकलंत?' तर हा माणूस, 'बिचारीला बीपी आहे' म्हणून इतकी वर्षं माझं सगळं खाली मान घालून ऐकणारा, हळूच म्हणतो, 'ऐकलं. म्हणजे राग तुझा स्वतःचाच होता तर!'

...आता ओरडायचं तरी कशाच्या नावावर, सांगा!