रश्श्याच्या रंगाचा गालिचा

रस्सा डोळ्यांसमोर ठेवून कुणी गालिचा घेतं का गं? मी घेतला. लेकीच्या सासरचे पहिल्यांदाच मुक्कामाला येणार होते, घर नीटनेटकं दिसायला हवं होतं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हा लालभडक न्या. स्वस्तबी हाय, आणि तांबडा रस्सा सांडला तरी कुणाला कळायचं न्हाय!" मटणाचाच बेत होता, मला पटलं.

जेवताना विहीणबाईंच्या हातून वाटी कलंडली, नेमकी पांढऱ्या रश्श्याची. कितीही पुसलं तरी लालावर पांढरा डाग उठून दिसायला लागला. त्या बिचाऱ्या ओशाळल्या, आणि आमचे हे मोठ्यानं म्हणाले, "तरी मी म्हणत हुतो, तांबडा रस्सा घ्या की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी बरोबर त्या डागावर बसून चहा घेतला.