खुला रोज

हॅलो? हॅलो… नरडाण्याची कापसाची जिनिंग ना? भाऊ, मी कुंदाबाई बोलते, देवपूरहून. लीलाधर पाटलांच्या घरून… हो, तेच, मशीनवरचे. जरा बोलवा ना… नाही, आजारी कोणी नाही. पण आत्ताच बोलवा. अन् मशीन बंद करून या म्हणावं… हो, थांबते.

…हॅलो? अहो, मीच… बठ्ठं ठीक शे घरी. आधी मला सांगा, तुम्हाला लागला तो खुला रोज म्हणजे काय?… हसू नका! तुम्ही मुकादमाच्या हाताखालून सुटले, खुले झाले, असंच समजले ना मी. गल्लीभर पेढे वाटले… हो, सिताराकडेही. तिनं पेढा हातात घेतला अन् तोंडात घातलाच नाही… इथंच उभी आहे ती, बूथमध्ये. तिनंच सांगितलं. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी असते, ती काढून काम करायचं, त्याचा जादा पैसा म्हणजे खुला रोज. तिच्या घरवाल्याची, गनीभाऊंची बोटं त्याच मशीनमध्ये गेली… खरं की खोटं, तेवढं बोला.

…माहीत होतं? अन् घरी येऊन माझ्यासमोर हसत होते तुम्ही?

…मीटर पळू द्या एसटीडीचं… काय? जाळी लावली की घडीघडी मशीन थांबवावं लागतं, माल कमी निघतो… बरं. म्हणजे शेठला माल जास्त, अन् तुम्हाला त्यातले दोन पैसे… हो, उपयोगी पडतात, मला का कळत नाही? घर मीच चालवते… अहो, ऐका ना. गनीभाऊंना आता काय रोज आहे?… झाडू मारायचा? साधा? म्हणजे बोटं गेली अन् जादा रोजही गेला!

…सांभाळून करता. अन् ते काय झोपेत करत होते?… नाही, दिवाळीपर्यंत नाही. आज. शेठ आहेत ना हापिसात? त्यांना सांगा, जाळी लावा, नाहीतर मी मशीनवरून उतरलो. जा, मी फोन धरते… भांडखोर म्हणा, काही म्हणा. भीती वाटते हो मला.

…हो, हो, आहे मी. काय म्हणाले?… उतरले तुम्ही? साध्या रोजावर? असू द्या! भागवू आपण… मग आवाज असा का तुमचा?

…जाळी नाही लावली? मग मशीनवर कोण?… इतक्यात? स्वतःहून मागितलं?… कोण म्हणालात?… हळू बोला. सत्तार?… गनीभाऊंचा धाकटा भाऊ?

…नाही, फोन ठेवू नका. थांबा…

सितारा… घे. तुझा दीर… तूच बोल.