दुसऱ्या पसंतीचे दहा गुण

गहिनीनाथ : खाली सरकव की अजून.

राजनंदिनी : सरकवलं नाना. खाली काहीच नाहीये. गाण्याच्या फायनलला परदेशात, टॅलिनला, दहा जण जाणार होते, दहा नावं आली, यादी संपली.

गहिनीनाथ : मग वरनं बघ परत. घाईत सुटलं आसंल.

राजनंदिनी : तीनदा बघितलं! ब्राझील, फिलिपाइन्स, पोर्तुगाल, सगळे आहेत. आपली सुकन्याताई नाहीये. ताई अकरावी आहे. अकरावी म्हणजे घरी.

गहिनीनाथ : थांब, ही येवढी किटली मोजू दे. कल्यान, तुझं फॅट तीन-आठ. आता माझ्याकडं बघू नको, म्हशीला इचार. जा... हां, बोल. आक्रावी कशी? चारशे बारा मोबाईलवरनं मतं टाकली आपन. ह्या दूध सेंटरवर, माझ्या डोळ्यांदेखत. येक बी बाद न्हाई.

राजनंदिनी : एकही बाद नाही. चारशे बारा गुणिले बारा, चार हजार नऊशे चव्वेचाळीस. बरोब्बर तेवढे जमा आहेत ताईच्या नावावर. एका देशातून एवढे गुण आख्ख्या स्पर्धेत दुसऱ्या कुणालाच नाहीत, माहितीये? मी ते बघून उडीच मारली होती. मग खाली बघितलं.

गहिनीनाथ : मग धाव्वा कोन हाय?

राजनंदिनी : योहान. फॅरो बेटांवरचा. तो नाही का, मेंढीला काखेत धरून फोटो काढलेला म्हातारा.

गहिनीनाथ : त्यो? आगं, त्यो तर आपला डमी हुता!

राजनंदिनी : हो नाना. आपला डमी फायनलला गेला.

गहिनीनाथ : काय तरीच बोलू नको. त्याचं गानं कुत्रं बी ऐकत नव्हतं. तूच हुडकला हुता.

राजनंदिनी : दोनशे अकरा जणांनी बघितलं होतं. सगळ्यात कमी. म्हणून तर निवडला! नियमच तसा होता ना, मत द्यायचं तर दोन गाण्यांना द्यायचं. पहिल्या पसंतीला बारा गुण, दुसऱ्या पसंतीला दहा. एकालाच दिलं की मत बाद. मी तुम्हाला विचारलं, दुसरं कुणाला द्यायचं, तर तुम्ही म्हणालात...

गहिनीनाथ : म्हनलो. न्हाई कुठं म्हनतोय. दूध सोसायटीच्या इलेक्शनला पंचवीस वर्सं हेच करत आलोय. दोन मतं द्यायला लावली, तर येक आपल्या मानसाला आन दुसरं जो पडनारच हाय त्याला. तगड्याला दिलं की त्यो आपल्याच उरावर बसतोय.

राजनंदिनी : आणि मला ते इतकं भारी वाटलं होतं! मी वर्गात पण सांगितलं, आमच्या नानांचं डोकं बघा म्हणून. पण हा पडणार नव्हता नाना. हे बघा. परीक्षकांनी त्याला तीन हजारांच्या वर दिलेत. ताईला दोन हजार काहीतरी.

गहिनीनाथ : परीक्षक बी आस्त्यात व्हय त्यात?

राजनंदिनी : असतात. त्यांचे आणि लोकांचे मिळून गुण धरतात. नियमांच्या दुसऱ्या पानावर होतं. मी पहिलंच वाचलं होतं.

गहिनीनाथ : म्हंजे आपल्या चारशे बारा जनांचे दहा-दहा जर त्याला पडलेच नसते...

राजनंदिनी : तर तो एकदम खाली. आणि आपली ताई दहावी. आपण काहीच नसतं केलं ना, म्हणजे नुसतं दुसरं मत ब्राझीलला दिलं असतं, तरी झालं होतं. ब्राझील तसाही पहिला आलाय.

गहिनीनाथ : फरक कितीचा हाय?

राजनंदिनी : नका ना विचारू.

गहिनीनाथ : सांग की.

राजनंदिनी : अकरा.

गहिनीनाथ : आक्राशे?

राजनंदिनी : अकरा. नुसते अकरा. एकावर एक.

गहिनीनाथ : आरं देवा. चौकात फ्लेक्स लागलाय पोरी. कालच बिभीषणला सांगून लावून घेतला. 'टॅलिन गाजवायला निघालेल्या सुकन्याचे अभिनंदन.'

राजनंदिनी : त्यावर तुमचा फोटो ताईपेक्षा मोठा आहे. मी बिभीषणदादाला बोलले पण होते.

गहिनीनाथ : तुला आत्ता त्येच सुचतंय?

राजनंदिनी : मला काहीच सुचत नाहीये! मालनआजी दुसरं मत त्या फिलिपाइन्सच्या मुलीला देत होती. म्हणाली, हिचं नाक आमच्या निकितासारखं हाय, हिलाच देते. आणि ओमला ब्राझीलला द्यायचं होतं, फुटबॉलसाठी. मी दोघांच्या हातातून मोबाईल ओढून घेतले. योहानच्या नावावर मीच बोट दाबलं. शिस्त मोडू नका म्हणाले. दोघांचे वीस गुण होतात नाना. वीस!

गहिनीनाथ : हळू बोल. लोकं बघत्यात.

राजनंदिनी : आणि अजून एक गंमत आहे. गंमत म्हणजे गंमत नाही. योहानला भारतातून चार हजार एकशे बत्तीस गुण आहेत. आपले होतात चार हजार एकशे वीस. वरचे बारा कुणाचे?

गहिनीनाथ : बारा म्हंजे पैली पसंती. कुनीतरी त्याला पैलं मत दिलं?

राजनंदिनी : भारतातून. आणि भारतात ही स्पर्धा पुणतांब्याच्या बाहेर कोण बघतंय? हे बारा नसते तर योहान एका गुणाने मागे होता.

गहिनीनाथ : गद्दार हाय कुनीतरी. गावात खाऊन गावाच्याच पोरीला पाडलं! त्याचं नाव मला काढून दे. त्याचं दूध बंद. त्याच्या भावकीचं बी बंद!

राजनंदिनी : नाना, दूध राहू द्या. नऊला रंगनाथ अण्णा ताईला घेऊन संगमनेरला निघणार आहेत. डी.फार्मसीला प्रवेश घ्यायची आज शेवटची तारीख आहे. टॅलिन झालं असतं तर एक वर्ष पुण्याला गाणं शिकायला ठेवणार होते. तुमच्यासमोर म्हणाले होते, इथंच, या बाकावर बसून.

गहिनीनाथ : व्हय. आन तिचा बाप, रंगनाथ, बोलला की बोलला. वाढवनार न्हाई आन कमी बी करनार न्हाई.

राजनंदिनी : ताई येतेय. नाना, ती किटली घेऊन येतेय. मी काय बोलू? मी आत जाऊ का?

गहिनीनाथ : कुठं जाती? बस हितं.

(सुकन्या किटली मापाजवळ ठेवते. बाकीची माणसं आपापल्या किटल्या उचलून बाजूला होतात.)

सुकन्या : आज साडेचारच लिटर आहे नाना. वासराने जास्त प्यायलंय.

गहिनीनाथ : आसू दे, आसू दे. पेऊ दे की त्याला. बस जरा. च्या सांगू?

सुकन्या : तुम्ही साडेचार लिटरला काही बोलला नाहीत, म्हणजे तुम्हाला कळलंय.

राजनंदिनी : ताई...

सुकन्या : रडू नको गं राजी. मला पाचलाच मेल आला.

राजनंदिनी : आपण तक्रार करू! फेरमोजणी मागू! मी इंग्लिशमधून लिहिते, माझं पत्रलेखन चांगलं आहे, दहापैकी नऊ पडतात मला.

सुकन्या : मोजणी बरोबर आहे. मी दोनदा बघितली.

राजनंदिनी : मग पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी आपण आख्खा राहाता तालुका...

सुकन्या : एका माणसाला एकदाच भाग घेता येतो. ते पहिल्याच पानावर होतं. तूच मला वाचून दाखवलं होतंस.

गहिनीनाथ : रंगनाथ काय म्हनला?

सुकन्या : काही नाही. कागदांची पिशवी भरत होते. दहावीचं मार्कशीट सापडेना, तर मीच काढून दिलं. नाना, एक विचारू? स्पर्धकांच्या ग्रुपवर पहाटे एक निरोप आलाय. फॅरो बेटांवरच्या त्या योहानचा. मला काही कळेना म्हणून दाखवायला आणलाय.

गहिनीनाथ : त्याचं काय आता आपल्याला.

सुकन्या : मराठीत करून सांगते, ऐका तर. 'मी एकसष्ट वर्षांचा आहे. माझी भाषा बोलणारी माणसं तुमच्याकडच्या एखाद्या गावात मावतील एवढीच. हे गाणं माझ्याच बेटावर कुणी फारसं ऐकलं नाही. आणि इतक्या लांब, भारतात, चारशे जणांना ते आवडलं. रात्रभर मला झोप नाही. त्या लोकांना कुणी ओळखत असेल तर त्यांना सांगा, टॅलिनला मी त्यांच्यासाठी गाईन.'

राजनंदिनी : बास ना ताई.

सुकन्या : पुढं मेंढीचं चित्र टाकलंय आणि हात जोडलेत. मला कळेना, चारशे माणसं आपल्या गावाशिवाय कुठली असणार? आणि आपल्या गावात याला कोण ओळखतं?

गहिनीनाथ : माझं चुकलं पोरी.

राजनंदिनी : नाना नाही, मी. मी केलं. दुसरं मत कुणाला तरी द्यावंच लागत होतं, मग आम्ही ठरवलं की सगळ्यात पडीक माणसाला द्यायचं. म्हणजे तुला कुणाची स्पर्धा नको. मी सगळ्या यादीत शोधून शोधून त्याला काढला. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ इथं उभी राहिले. शाळा बुडवली. प्रत्येकाला सांगितलं, पहिलं सुकन्या, दुसरं मेंढीवाला. लोक तसंच म्हणत यायचे, मेंढीवाला कुठंय, मेंढीवाला कुठंय.

सुकन्या : चारशे बारा जण?

राजनंदिनी : चारशे बारा.

सुकन्या : त्यातल्या एकाने तरी त्याचं गाणं ऐकलं?

राजनंदिनी : नाही.

सुकन्या : तू?

राजनंदिनी : मी फक्त किती जणांनी बघितलं तो आकडा बघितला.

सुकन्या : आणि माझं?

राजनंदिनी : तुझं काय ऐकायचं ताई! तू तर आपलीच आहेस.

सुकन्या : नाना, तुम्ही?

गहिनीनाथ : दाबलं की मी. सगळ्यात आधी दाबलं. आता हितं मशीनचा गोंगाट, मोबाईलचा आवाज बंद ठिवला हुता. पन तुझं गानं चांगलंच आसनार. त्यात काय ऐकायचंय?

सुकन्या : कशावर आहे माझं गाणं?

गहिनीनाथ : गोदावरीवर आसंल. नदीवर.

सुकन्या : नाही.

राजनंदिनी : आईवर?

सुकन्या : कांद्याच्या चाळीत बायका कांदे निवडत असतात ना. सकाळी नुसता कलकलाट असतो. दुपारी तीनच्या सुमाराला सगळ्या एकदम गप्प होतात, कुणी सांगितलेलं नसताना. त्यावर आहे.

गहिनीनाथ : व्हय, व्हत्यात खऱ्या. आमच्या घरची चांगुणा बी व्हतीय तशीच गप.

राजनंदिनी : ताई, मी आत्ता ऐकते. पूर्ण ऐकते. शंभर वेळा ऐकते, कानाला लावून...

सुकन्या : ऐक नंतर. अण्णांनी गाडी काढली, हॉर्न ऐकू येतोय.

गहिनीनाथ : मी बोलतो रंगनाथाशी. पाया पडतो त्याच्या. आकरा गुनांनी काय व्हतंय? धाव्वी काय, आक्रावी काय.

सुकन्या : नका बोलू. त्यांनी शब्द मोडलेला नाही. टॅलिन झालं तर, म्हणाले होते. नाही झालं. तुम्ही बोललात तर ते तुम्हाला नाही म्हणतील, आणि मग घरी जेवणार नाहीत दोन दिवस.

राजनंदिनी : डी.फार्मसीला गेलीस तरी गाशील ना? कॉलेजात गॅदरिंग असतं. संगमनेरला मोठं असतं म्हणे.

सुकन्या : बघू.

राजनंदिनी : 'बघू' म्हणजे नाही. मोठी माणसं नाहीला बघू म्हणतात. तू तशी बोलू नको.

सुकन्या : किटली रिकामी झाली का नाना? आई वाट बघत असेल.

गहिनीनाथ : झाली. ही घे. तो फ्लेक्स मी आजच काढायला लावतो.

सुकन्या : राहू द्या. कापड चांगलं आहे, गोठ्यावर टाकता येईल.

गहिनीनाथ : येक मातर सांगून ठिवतो. आमचं चुकलं ते चुकलं, आमी तुझ्यासाठीच करत हुतो. पन ज्यानं कुनी त्या म्हाताऱ्याला पैलं मत दिलं, बारा गुनांचं, त्याला मी सोडनार न्हाई. त्या येका मानसानं तुला घरी बशिवली.

राजनंदिनी : मी शोधते नाना. दुपारपर्यंत सगळ्यांचे मोबाईल बघते. एक-एक घर घेते.

सुकन्या : नको शोधूस.

राजनंदिनी : का नको? चारशे तेरावा मोबाईल आहे कुठंतरी! त्याच्यामुळं...

सुकन्या : स्पर्धकालाही एक मत असतं राजी. फक्त ते स्वतःला देता येत नाही.

राजनंदिनी : म्हणजे ते बारा... ताई, तू?

गहिनीनाथ : आगं पोरी! आकराच कमी पडले की गं तुला. कशापायी दिलेस त्याला?

सुकन्या : मी ऐकलं होतं.